आठव्या गाण्याची सही

कळस, ता. इंदापूर
८ सप्टेंबर २०२५

चि. उत्कर्षा,

तुझा कागद ज्ञानेशने काल हातात दिला. सोबत चिठ्ठी होती. "आप्पा, खाली सही हवी आहे. बाकी काही बोलायचं नाही." दोन वर्षांनी बापाला लिहिलंस आणि ती दोन वाक्यं. असू दे, तीही मी चार वेळा वाचली. फोन तू उचलत नाहीस म्हणून हे पत्र. पत्र ब्लॉक करता येत नाही, असं तुझा भाऊ म्हणाला. फाडता मात्र येतं. फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

कागद नीट वाचला. तुझ्या नव्या अल्बममध्ये सात जुनी गाजलेली गाणी तू तुझ्या पद्धतीने म्हटली आहेस आणि आठवं माझं. 'गीत आणि चाल' यापुढे माझं पूर्ण नाव छापलंय आणि 'ही माझी स्वतःची निर्मिती आहे' याखाली सहीची रेघ आहे. मुखपृष्ठाचा नमुनाही ज्ञानेशने मोबाइलवर दाखवला. तुझा फोटो आणि खाली बारीक अक्षरात 'आठवं गाणं आप्पांचं'. त्या अक्षरांवर मी बोट ठेवून बसलो, तर चित्र सारखं मोठं-लहान व्हायला लागलं. शेवटी तुझ्या आईने मोबाइल काढून घेतला.

सही करतो. फार घाई नाही ना? आधी ते पाखरांचं बोलायचं आहे.

तो व्हिडिओ शेजारच्या दीपकने काढला, पण बोललो मीच, त्याला दोष नको. आपली पेरूची बाग, फांदीला टांगलेला स्पीकर, त्यावर तुझं गाणं आणि खाली मी छाती काढून उभा. "आमच्या पोरीचा आवाज लावला की पाखरू फिरकत न्हाय!" आठ लाख लोक हसले. तुझ्या पुण्याच्या कार्यक्रमात पोरं पोपटासारखी ओरडायला लागली, हे मला फार नंतर कळलं. तू फोन करून विचारलंस, "आप्पा, माझं गाणं पाखरं हाकायला?" आणि मी म्हणालो, "गंमत केली गं, एवढं काय." तिथं आपलं बोलणं संपलं ते आजतागायत.

आता खरं काय ते ऐक. तुझी पहिली गाणी आली तेव्हा मी घरात सगळ्यांदेखत म्हणालो होतो, "जुन्या गाण्यांची वाट लावली हिनं. हे माझ्या घरात वाजणार न्हाय." तीस वर्षं मी बारामतीच्या 'नीराकाठ ऑर्केस्ट्रा'त तीच गाणी गायलो. आमच्या फलकावर माझ्या नावाखाली 'हुबेहूब आवाज' असं लिहिलेलं असायचं. रेकॉर्डवर गायक जिथे श्वास घेतो तिथेच मी घ्यायचो. आणि तू तेच गाणं गिटारवर, अर्ध्या गतीत, पाहिजे तिथे थांबून म्हणतेस. मला राग आला. मग एकदा चुकून पूर्ण ऐकलं, तर रडू आलं. पण शब्द गेला होता, घरात लावायची सोय राहिली नाही. म्हणून बागेत स्पीकर टांगला आणि आईला सांगितलं की राघूंसाठी आहे. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच मी तुला ऐकायचो. दीपक मोबाइल घेऊन आला तेव्हा मी डोळे पुसत होतो. काहीतरी बोलणं भाग होतं.

राघू एकसुद्धा पळाला नाही. स्पीकरवर बसून पेरू खायचे. त्या बहाराचं निम्मं नुकसान तुझ्या गाण्याने झालं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

तुझा,
आप्पा

कळस
१९ सप्टेंबर २०२५

चि. उत्कर्षा,

"पेरूचं वाचून हसले," असं तू ज्ञानेशला कळवलंस. त्याने मला ते दाखवलं नाही, वाचून दाखवलं. मी म्हणालो, परत वाच. तो म्हणाला, एवढंच आहे. तरी परत वाचायला लावलं.

आठव्या गाण्याचं कच्चं रेकॉर्डिंगही पाठवलंस. बागेच्या बांधावर बसून ऐकलं. आता लपवाछपवी नको म्हणून स्पीकर घरी ओट्यावर आणून परत ऐकलं. तुझी आई भाजी निवडत होती, ती हात थांबवून बसली.

"पाटाच्या पाण्या, थांब बांधाला" हे तू जवळजवळ बोलल्यासारखं म्हणतेस. मी स्टेजवर तिथे तान घ्यायचो, टाळ्यांसाठी. तुझं बरोबर आहे. पाण्याला थांब म्हणताना कुणी तान घेत नाही. दुसऱ्या कडव्यात आवाज जरा फाटतो, तो दुरुस्त करू नकोस, तसाच राहू दे. तिसऱ्यानंतर नुसती गिटार लांबवर वाजत राहते. का, ते कळलं नाही. गाणं संपलंय असं वाटत नाही, पुढे कुणीतरी म्हणणार आहे असं वाटतं.

ज्ञानेशने तुझी ती मुलाखतही लावली. त्यात तू म्हणतेस, "माझ्या आप्पांनी आयुष्यभर दुसऱ्यांची गाणी गायली. पण एक त्यांचं स्वतःचं होतं. मोटर चालू केली की मला मांडीवर घेऊन ते म्हणायचे. त्या एका गाण्यामुळे मी गायिका झाले." पुढे मला ऐकवेना. मी मोटर बघायला म्हणून उठलो. वीज नव्हती, मोटर कसली बघतोय.

तू विचारलंस की सही का होत नाही. ऑक्टोबरच्या पंधरा तारखेला सगळं पक्कं करायचं आहे, तोवर सही नाही आली तर आठवं गाणं काढावं लागेल, हेही कळलं. अगं, चष्म्याची काडी तुटली आहे. इंदापूरला जाणं होत नाही. एवढ्या कायदेशीर कागदावर वाकडीतिकडी सही बरी दिसते का?

आई काहीबाही बोलते. काल म्हणाली, "चष्मा मोडलाय आन् पेपर वाचताय व्हय? अवो, सही करा न्हायतर खरं सांगा. पोरीला लटकवून ठिवू नका." कुठलं खरं, असं तू तिला विचारशील. नको विचारूस. तिला जे कळलं ते तिच्या लग्नानंतर, दुसऱ्यांच्या तोंडून, आणि दुसरे काय वाटेल ते बोलतात.

मी लिहीन. तब्येतीची काळजी घे. उन्हातान्हात घशाला जप.

आप्पा

कळस
३ ऑक्टोबर २०२५, दसऱ्याचा दुसरा दिवस

उत्कर्षा,

चष्मा मोडलेला नाही.

ते गाणं माझं नाही. द्वारकेचं आहे, तुझ्या कऱ्हाटीच्या आत्याचं. एक वाक्य लिहायला मला दहा दिवस लागले. आता बाकीचं भराभर लिहून टाकतो, नाहीतर परत काडी मोडेल.

१९८५ साल. द्वारका वीस वर्षांची, तिचं लग्न त्या वैशाखात झालं. इथे दाराशी पाटाचं पाणी, आणि तिला दिलं कोरडवाहू रानात. पहिल्या दिवाळीला बहिणीला आणायला भाऊ जातो, मुराळी म्हणून, हे तुला ठाऊक आहे. मी तिचा एकुलता एक भाऊ. पण ऑर्केस्ट्राच्या त्या आठवड्यात ओळीने सुपाऱ्या होत्या, आणि मला नुकतीच दोन गाणी एकट्याने म्हणायला मिळाली होती. मी गेलो नाही. निरोपसुद्धा धाडला नाही. ती पिशवी भरून चार दिवस बसली. शेवटी सासऱ्यांनी तिला एसटीत बसवून दिलं. पहिल्या दिवाळीला मुराळ्याशिवाय माहेरी गेलेली सून म्हटल्यावर तिच्या सासरच्या आळीत काय बोलले असतील, याचा मी तेव्हा विचारही केला नाही.

ती आली ती भांडली नाही. दुसऱ्या दिवशी परसात भांडी घासताना गुणगुणत होती.

पाटाच्या पाण्या, थांब बांधाला,
सांगावा धाड माझ्या भावाला.

कोरड्या बांधावर बसून तिने ते केलं होतं, चार दिवसांत. त्यातला न आलेला भाऊ मी. मी ऐकलं आणि वही घेऊन धावलो. तिला वाटलं, दादाला लागलं, दादाला आपली चूक कळली. हात धुऊन ती समोर बसली आणि खुशीने एकेक ओळ सांगत गेली. तीन कडवी लिहून झाली तोवर बाहेर आमचा टेम्पो आला. मी वही घेतली आणि गेलो.

पंधरा दिवसांत बारामतीच्या कार्यक्रमात निवेदकाने सांगितलं, "आता ऐका सावळारामांची स्वतःची रचना." भावाच्या जागी मी सखी बसवली. यमक ढिलं पडलं, पण टाळ्या पडल्या. लहानपणी तू म्हणाली होतीस, "आप्पा, हितं जुळत न्हाय." मी म्हणालो, त्याला मुक्तछंद म्हणतात.

याहून वाईट पुढे आहे. दुसऱ्या वर्षी कऱ्हाटीच्या गणपतीत आमचा कार्यक्रम झाला. द्वारका पुढे बायकांत बसली होती. मी तिला पाहिलं, आणि तरी ते गाणं म्हटलं. ती उठून जाईल असं वाटलं होतं. नाही गेली. शेवटपर्यंत बसली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तिनेही वाजवल्या. उत्कर्षा, तिने शिव्या दिल्या असत्या तर मी त्या कधीच विसरलो असतो. टाळ्या विसरता येत नाहीत.

त्यानंतर ती आपल्याकडे राहिली नाही. लग्नाकार्याला येते, जेवते, जाते. तुम्ही मुलं विचारायची, आत्या राहत का नाही. मी म्हणायचो, तिची जनावरं आहेत. तिने मात्र आजवर कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. तुझ्या आईला कळलं ते कऱ्हाटीच्या एका पाहुणीकडून.

मी आयुष्यभर हुबेहूब गायलो म्हणून मला कुणी चोर म्हटलं नाही, कारण ती गाणी कुणाची हे सगळ्यांना माहीत होतं. तूही दुसऱ्यांचीच गाणी म्हणतेस, पण आधी त्यांचं नाव घेतेस, मग त्यात तुझं काही घालतेस. मी ज्या एका गाण्याला माझं म्हटलं तेच चोरीचं निघालं. आणि नेमकं तेच ऐकून तू गायिका झालीस.

सही करून टाकली असती तर तुला कधीच कळलं नसतं. आत्या बोलणारी नाही. तू घरी आली असतीस, आपण एकत्र जेवलो असतो. मला ते फार हवं होतं, अजून हवं आहे. म्हणूनच इतके दिवस पेन हातात धरून बसलो होतो.

कागद कोरा आहे. तू काय म्हणशील ते ऐकायला मी तयार आहे.

आप्पा

कळस
१२ ऑक्टोबर २०२५

चि. उत्कर्षा,

तू मला काही कळवलं नाहीस. ज्ञानेशला कळवलंस, "आठवं काढून टाकते. सात बस्स झाली." ते त्याने सांगितलं. मी तुझ्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. तुला मनवायला हे पत्र नाही. काल मी कऱ्हाटीला गेलो होतो, ते तुला सांगायचं आहे.

तुझ्या आईने लुगडं दिलं आणि लाडवांचा डबा. म्हणाली, "आन् ह्येवढं करून तिनं दारातनं हाकललं, तर गुमान माघारी या. वाद घालू नका." एसटीने बारामती, तिथून दुसरी गाडी. दुपारी पोचलो. द्वारका ओसरीवर मेथी निवडत होती. मला पाहिलं आणि हातातली जुडी खाली ठेवली.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

मी दारात उभा म्हणजे कुणीतरी मेलं असणार, एवढीच आमची चाळीस वर्षांची ये-जा.

"कुणी न्हाय. तुला न्यायला आलोय, दिवाळीला."

"मुराळी?"

"व्हय."

"लई उशीर केलास, दादा. सासू-सासरं गेलं, मालक गेलं. आता इच्यारायचं तरी कुणाला, जाऊ का म्हणून?" मग स्वतःच हसली आणि चहा टाकायला आत गेली. मी ओसरीवर मेथी निवडत बसलो. देठं मोठी ठेवली म्हणून बोलणी खाल्ली.

चहा झाल्यावर मी तुझं गाणं लावलं. तिने मोबाइल दोन्ही हातांनी कानाशी धरला. पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "पोरगी ग्वाड गाती. पर ही सखी कुठनं आली ह्यात?"

"मी घातली."

"म्हंजी गाणं माजं हाय, ह्ये तुज्या ध्यानात हुतं."

"एक दिस इसरलो न्हाय."

"मग बोलला का न्हाईस?"

लाज वाटली म्हणून, असं म्हणालो. तिने मान हलवली. "तुला लाज वाटली तवा टाळ्या पडत हुत्या," एवढंच बोलली. मी खाली मान घालून बसलो.

मग कागद काढला. त्यावरचं माझं नाव खोडून मी आधीच तिचं लिहिलं होतं. तिने चष्मा लावून प्रत्येक अक्षर वाचलं. चौथी शिकली आहे, कुणाचं ऐकून सही करणारी नाही. 'स्वतःची निर्मिती' यावर बराच वेळ थांबली. मला वाटलं, आता कागद परत देणार.

"सही मागनं करू," ती म्हणाली. "आधी सांग, चौथं कडवं कुठाय?"

"चौथं? तीनच हायती की."

"तीन घिऊन उठलास तू. टेंपो वाजत हुता भाईर. चौथं माज्या तोंडातच ऱ्हायलं."

उत्कर्षा, तुझ्या गिटारला ते कसं कळलं, मला माहीत नाही.

मी तिला म्हणालो, म्हण. तिने आढेवेढे घेतले, आवाज राहिला नाही म्हणाली, दात पडले म्हणाली. आणि मग मेथीकडे बघत, हळू आवाजात तिने ते म्हटलं. साठ वर्षांची बाई, पण सूर जागचा हलला नाही. माझा हात आपोआप खिशाकडे गेला. वही-पेन अजून घेऊन फिरतो, जन्माची सवय. तिने ते पाहिलं.

"लिव की," म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं, खरंच सांगत होती.

मी पेन परत खिशात ठेवलं.

ती म्हणायला लागली तेव्हा मला वाटलं होतं, आता यात मला शिव्या असतील. त्या ऐकायचीच तयारी करून मी गेलो होतो. पण त्यात एकही नाही. मुराळी येणार नाही हे तिला चौथ्या दिवशी पुरतं कळलं, तेव्हा तिने ते कडवं केलं, आणि त्यात त्या न आलेल्या भावासाठी पाण्यापाशी काही मागितलं आहे. तिच्या ओसरीवर मी लहान मुलासारखा रडलो. तिने पाठीवर हात ठेवला नाही, तिचा तसा स्वभाव नाही. पाण्याचा तांब्या पुढे केला.

सही झाली आहे. कागद ज्ञानेशकडे दिला. तुझ्या अल्बममध्ये गाणं घ्यायचं की नाही ते तू ठरव. त्याच्यावर आता माझा काही हक्क नाही, आणि खरं सांगू, फार हलकं वाटतंय. वसुबारसेला मी आत्याला आणायला परत कऱ्हाटीला जाणार आहे. भाऊबीज होईपर्यंत ती इथे राहील. माझ्याशी बोलायचं नसेल तर मी दिवसभर बागेत असतो, तुला माझं तोंड बघावं लागणार नाही. पण मला तुझी फार आठवण येते, हे न लिहिता हे पत्र बंद करता येत नाही.

ते चौथं कडवं मला पाठ झालंय. या पत्रात ते लिहिलेलं नाही. तिचं गाणं एकदा मी लिहून घेतलं होतं, तेवढं पुरे. ते तू तिच्या तोंडून ऐक. ये.

आप्पा